व्होल्टेज लावून किरणोत्सार लवकर संपवता येईल का?

प्रश्न : सर मी बारावीला आहे, बोईसरला राहतो, तारापूर आमच्यापासून जवळच. अणुकचऱ्यातलं सिझियम-१३७ अर्धं व्हायला ३० वर्षं लागतात असं वाचलं. मग ते दोन प्लेटांच्या मधे ठेवून जबरदस्त व्होल्टेज दिलं तर लवकर नाही का संपणार?

उत्तर : प्रश्न खूप आवडला, कारण उत्तर नुसतं ‘नाही’ म्हणून संपत नाही. किरणोत्सार येतो अणूच्या केंद्रकातून, म्हणजे व्होल्टेजचा परिणाम तिथवर पोचायला हवा. आधी आकडे बघ. मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट झाले की हवेतच ठिणगी पडते, म्हणजे ३ वर ६ शून्यं, आणि युरेनियमसारख्या जड अणूच्या केंद्रकाच्या पृष्ठभागापाशी जे विद्युत फील्ड (मीटरमागे किती व्होल्ट ते) आधीपासूनच असतं ते २ वर २१ शून्यं! त्यात भोवतीचे इलेक्ट्रॉन थोडे सरकून बाहेरचं फील्ड आत पोचूच देत नाहीत, त्यामुळे केंद्रकाला तुझ्या प्लेटांचा पत्ताच लागत नाही.

पण इलेक्ट्रॉनच बदलले तर? इथे खरी मजा आहे. बेरिलियम-७ चं केंद्रक स्वतःच्याच अणूतला इलेक्ट्रॉन गिळून लिथियम बनतं, अर्धायुष्य ५३ दिवस, आणि कोलकात्याच्या संशोधकांनी १९९९ मधे दाखवलं की ते सोन्यात ठेवलं आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडमधे ठेवलं तर या बदलाच्या वेगात पाऊण टक्क्याच्या आसपास फरक पडतो. इवलासा आहे, पण मोजता येतो.

त्याहून भारी म्हणजे रेनियम-१८७. अर्धायुष्य तब्बल ४२०० कोटी वर्षं. जर्मनीत डार्मस्टाटला १९९६ मधे त्याचे सगळेच्या सगळे ७५ इलेक्ट्रॉन काढून ते रिंगमधे, म्हणजे अणू गोल फिरवत साठवायच्या यंत्रात, फिरवत ठेवलं तर अर्धायुष्य आलं फक्त ३३ वर्षं!! कारण रेनियमचं केंद्रक उलट इलेक्ट्रॉन बाहेर टाकतं, आणि त्या इलेक्ट्रॉनला आता अणूबाहेर पळावं लागत नाही, घरातच रिकामी जागा मिळते, आणि या क्षयात, म्हणजे केंद्रकाच्या अशा बदलात, ऊर्जा मुळातच इतकी थोडी सुटते की तेवढ्या सवलतीनं सगळं गणित पालटतं. मला विचारशील तर अणुभौतिकीतला हा सगळ्यात सुंदर प्रयोग.

आता तुझं सिझियम. त्याच्या क्षयात रेनियमच्या निदान दोनशे पट ऊर्जा सुटते, म्हणून सगळे इलेक्ट्रॉन काढले तरी त्याला तसा फरक पडणार नाही, आणि टाकीभर कचऱ्यातल्या एकेका अणूचे इलेक्ट्रॉन काढून तसेच ठेवायचे म्हणजे अशक्यच. म्हणूनच तर तारापूरला असा कचरा वितळलेल्या काचेत मिसळून कोंडून ठेवतात. ३०० वर्षांनी त्यातलं सिझियम हजारात एक भाग उरेल.