रटगर्सला बिग टेन मिळते, मग ओरेगन स्टेटला कोणीच का घेत नाही?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये विद्यापीठं कॉन्फरन्समध्ये असतात, म्हणजे आपसात खेळणाऱ्या आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणाऱ्या गटांत. निष्ठावान चाहते असूनही २०२३ मध्ये पॅक-१२ ही पश्चिमेकडची कॉन्फरन्स फुटल्यावर ओरेगन स्टेट विद्यापीठाला एकाही मोठ्या कॉन्फरन्सने विचारलं नाही आणि फारसं न जिंकणारं रटगर्स बिग टेनमध्ये निवांत आहे, हे कसं, असा प्रश्न आहे. दोघांचा हिशेब वेगळ्या काळातला आहे.

रटगर्स आणि मेरीलँडला २०१२ मध्ये बोलावणं आलं तेव्हा पैसा केबलचा होता. बिग टेनचं स्वतःचं चॅनल होतं आणि ज्या राज्यात सदस्य विद्यापीठ असेल तिथे दर घरामागे मिळणारं शुल्क इतर राज्यांच्या कित्येक पट. रटगर्सचं न्यू जर्सी राज्य न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या दारात आहे. तिथे सामना कोणी बघो न बघो, बिलातून पैसे जाणारच. थोडक्यात, मोजल्या गेल्या केबलच्या जोडण्या. चाहत्यांशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

पुढे लोकांनी केबल तोडली. आता फॉक्स किंवा ईएसपीएनसारखी चॅनलं देशभर बघितल्या जाणाऱ्या सामन्याचे पैसे मोजतात. म्हणून टेक्सस-ओक्लाहोमा एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेले आणि लॉस एंजेलिसचे यूएससी-यूसीएलए बिग टेनमध्ये. नव्या सदस्याने जुन्यांचा वाटा वाढवला पाहिजे, निदान कमी करता कामा नये. बिग टेनमध्ये शिरताना ओरेगन आणि वॉशिंग्टन विद्यापीठांनीसुद्धा सुरुवातीला अर्ध्याच्या आसपास वाटा पत्करला. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर एसीसी या कॉन्फरन्समध्ये शिरण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं. ओरेगन स्टेटकडे असा तोटा सोसायला मोठं घबाड नव्हतं, आणि त्याच राज्यातलं ओरेगन विद्यापीठ आधीच उचललं गेलं होतं. मैदानातली गर्दी तिकिटांचे पैसे देते. ते कॉन्फरन्सच्या टीव्ही करारात येत नाहीत.

प्रेक्षकसंख्येचे आकडे बघताना मात्र नुसती सरासरी धरू नका. सामना एबीसीसारख्या मोठ्या चॅनलवर होता की एफएस१सारख्या छोट्या, समोर कोण होतं आणि वेळ काय होती, हे आधी बघा. पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कमध्ये रात्री साडेदहाला लागतो. तिथले निम्मे लोक तोवर झोपायच्या तयारीत. त्यामुळे समान चॅनल, समान वेळ आणि साधारण तोडीचा प्रतिस्पर्धी असेच सामने शेजारी ठेवून तुलना करावी.

फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या आपल्याच सदस्य विद्यापीठांशी २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर एसीसी टीव्हीच्या उत्पन्नाचा मोठा भाग प्रेक्षकसंख्येवरच वाटते. मला त्यात एक खोट दिसते: चांगली वेळ कोणाला द्यायची ते चॅनल ठरवतं. ज्याला ती मिळते त्याचे प्रेक्षक वाढतात, आणि प्रेक्षक आहेत म्हणून पुढच्या वेळीही तीच वेळ त्यालाच मिळते.