वाळत घातलेली रेशनकार्डं आणि मानसशास्त्राचं एमए

नमस्कार ताई,

कुरुंदवाडहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात तुम्ही सगळे शाळेतल्या निवारा केंद्रात होतात, मुलगी तेव्हा आठवीत. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई तिथे रोज यायच्या. आता मुलगी टीवायबीएला आहे आणि म्हणते, मला त्या बाईंसारखं व्हायचंय. तुमचा प्रश्न रोखठोक आहे: ही नोकरी की समाजसेवा?

आधी पोटाचं बोलू. बारा महिने पगार देणारी 'आपत्ती समुपदेशक' अशी जाहिरात सहसा निघत नाही. पूर ओसरला की संस्थांचे प्रकल्पही ओसरतात. त्या बाईंचं घर चालत होतं ते कॉलेजातल्या पगारावर आणि मला तोच रस्ता शहाणपणाचा वाटतो. मात्र तो लांबचा आहे. मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात किमान 55 टक्क्यांनी एमए (राखीव गटांना सवलत आहे), मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. त्यानंतरही पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, जाऊ शकतात, आणि त्या मानधनात कोल्हापुरात खोली भाड्याने घेऊन राहणं अवघडच. हे तिला आत्ताच सांगा.

तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मी अधोरेखित करून ठेवली आहे. 'त्या बाई फार काही बोलल्याच नाहीत, आमची भिजलेली रेशनकार्डं नि सातबारे दोरीवर वाळत घालायला लागल्या.' ताई, तेच त्यांचं काम होतं! जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रं आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. कोण एकटं पडलंय ते बघायचं, बोलेल तेवढंच ऐकायचं, आणि औषध, तलाठी, हरवलेला नातेवाईक, ज्याची गरज असेल तिथवर त्या माणसाला पोचवायचं. खोदून विचारायचं नाही. उलटं चाललेलं मी पाहिलंय. एका केंद्रात एका आजींना तीन गटांनी 'त्या रात्री काय झालं' म्हणून विचारलं. चौथा गट आला तेव्हा आजींनी तोंडावर पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्या गटांतल्या मुलांचा हेतू वाईट नव्हता, प्रशिक्षण नव्हतं.

आपल्या देशात हे शास्त्र ठेचा खातच उभं राहिलं. 1984 च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने भोपाळच्या डॉक्टरांना मानसिक त्रास ओळखायला शिकवलं. पुढे 1999 चं ओडिशाचं चक्रीवादळ आलं, 2001 चा भूजचा भूकंप आला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वं यायला 2009 उजाडलं. आज निम्हान्समध्ये आपत्तीतल्या मनोसामाजिक आधारासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाची वेगळी शाखा. टाटासाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, अर्जाची तारीख चुकवू नका.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारी तज्ज्ञ, म्हणवून घ्यायचं असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, नुसतं एमए पुरत नाही. त्यासाठीचे अभ्यासक्रम सध्या बदलताहेत, म्हणून फी भरण्याआधी निवडलेल्या कॉलेजची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला विचारावीशी वाटते. पावसाची झड लागली की मुलगी अजून रात्री उठून पाण्याची पातळी बघते का? बघत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यामुळे ती या कामाला नालायकही ठरत नाही. फक्त दुसऱ्यांचं ऐकायला बसण्याआधी तिने स्वतःचं कुणाशी तरी बोलावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

परीक्षा झाली की तिला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात पाठवा आणि 'आपदा मित्र' या आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची पुढची तुकडी कधी आहे ते विचारायला सांगा. दोर, बोट, प्रथमोपचार असं सगळं शिकवतात. तिथून आल्यावरही तिचा विचार कायम असेल तर एमएच्या अर्जांसाठी मला पुन्हा लिहा. तिच्या गुणपत्रिका मात्र सोबत जोडा, या वेळी राहून गेल्या.