चाळीस किलो मासे आणले, त्यात बिघडलं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निपाणीचे पाच दोस्त वेंगुर्ल्याहून होडी घेऊन गेलात, दिवसभरात चाळीसेक किलो मासे मिळाले, त्यात एक चौदा किलोचा गोबरा (ग्रूपर). फोटो टाकला तर निम्म्यांनी वाहवा केली, निम्म्यांनी झापलं. तुमचं म्हणणं, ट्रॉलरवाले एका फेरीत टनांनी ओढतात, आम्ही पाच जणांनी गळानं काढले तर समुद्र आटतो काय?

झापणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. त्यातले कितीतरी जण मे महिन्यात स्वतः थर्माकोलचे डबे भरून चोर्ला घाट चढतात. पण ट्रॉलरचा मुद्दा तुम्हाला वाटतो तेवढा भक्कम नाही.

ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांनी (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्यानं वेढणाऱ्यांनी) किनाऱ्याची वाट लावली, हे खरंच. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी ती थांबवा म्हणून छोटे मच्छीमार अजून ओरडतायत. पण ट्रॉलरचं जाळं तळावरून ओढावं लागतं, त्याला सपाट चिखल-वाळू लागते. खडकात घातलं की फाटतं. म्हणून गोबरा आणि तांबोशी खडकाच्या आडोशानं टिकून राहिले. आणि आपण रॉड घेऊन कुठं जातो? नेमकं त्याच खडकावर. पूर्वी ती जागा तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, ठाऊक असायची, डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून तो होडी लावायचा. आता पाण्याखालचे मासे दाखवणारा फिश फाइंडर आहे, जीपीएस आहे, आणि कुणीतरी हौसेनं लोकेशन ग्रुपवर टाकतो. गोबरा काही बांगड्यासारखा फिरता मासा नाही. एकाच कपारीत वर्षानुवर्षं बसतो. पाच-सहा होड्या आलटून पालटून महिनाभर तिथं आल्या की तो खडक रिकामा. तिथं ट्रॉलर आलेलाच नसतो.

गळानं काय फरक पडतो, हे युरोपात मोजलंय. तिथल्या सी बास माशाच्या एकूण पकडीत हौशी लोकांचा वाटा साधारण चौथा हिस्सा निघाला. मासा कमी झाल्यावर २०१५ मध्ये किमान लांबी ४२ सेंटीमीटर केली आणि हौशी माणसाला दिवसाला तीनच मासे ठेवायची मुभा दिली. पुढं तीही कमी झाली. लोकांनी आरडाओरडा केला, पण गरवायला जायचं कुणी सोडलं नाही.

माझी तक्रार चाळीस किलोवर कमी आणि त्या चौदा किलोवर जास्त आहे. गोबऱ्याच्या बहुतेक जाती जन्मतः मादी असतात, मोठं झाल्यावर त्यातल्या काहींचा नर होतो. तुमचा तो बहुतेक नर असणार, आणि त्या खडकावर तसे फार नसतात. चोणक (रायगडकडचा जिताडा) बरोबर उलटा. तो पहिली काही वर्षं नर, मग मादी. खाडीच्या तोंडाशी लागलेला दहा किलोचा चोणक म्हणजे जवळजवळ नक्की मादीच. घरी कापल्यावर गाबोळी (अंडी) निघाली की आपल्याकडं केवढा आनंद होतो, सांगायला नको. अंड्यांचा हिशेबही वजनाच्या सरळ प्रमाणात चालत नाही. अटलांटिकमधल्या कॉड माशाचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात तीस किलोची एक मादी दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्यांपेक्षा जास्त अंडी देते असं निघालं. त्या अठ्ठावीस जणींचं वजन छप्पन किलो! आणि एक लक्षात असू द्या, राक्षसी गोबरा, जो माणसापेक्षा मोठा होतो, तो २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. त्याचं पिल्लू ओळखता येत नसेल तर फोटो टाकायच्या आधी कुणाला तरी दाखवा.

फोटोवरून आठवलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या की वेस्ट गावी हौशी लोक धक्क्यावर मासे टांगून फोटो काढतात. एका संशोधिकेनं तिथले जुने फोटो जमवून त्यातल्या माशांचं वजन काढलं. १९५६ मध्ये सरासरी जवळपास वीस किलो, २००७ मध्ये २.३ किलो. माणसांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र तेवढंच. आधी काय होतं ते पाहिलेलंच नसतं, मग हाताला लागेल तो मोठा.

आता आपली खरी अडचण. शे-सव्वाशे किलोमीटर गाडी हाणत जायचं, होडीचं भाडं, डिझेल, बर्फ, आणि घरी येऊन सांगायचं की मोठा लागला होता, सोडून दिला? गल्लीत कुणी विश्वास ठेवणार नाही. डबा उघडून सगळ्या घरांत वाटायचं, ही आपली पद्धत आहे आणि मला ती आवडते. पण वाटायला मध्यम आकाराचे सहा-सात मासे पुरतात. रश्शाला दोन किलोची सुरमईच चांगली, चौदा किलोच्या गोबऱ्याचे तुकडे फ्रिजमध्येच पडून राहतात. राहिलेले मासे हॉटेलला विकून भाडं काढणारेही आहेत. ते मला अजिबात पटत नाही. छोट्या होडीवाल्याचं पोट त्यावर आहे, आपलं नाही.

सोडायचं म्हटलं तरी पाण्यात टाकला म्हणजे सुटला असं नाही. तीस मीटरवरून वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवा चौपट फुगते. डोळे बाहेर, जठर तोंडात, आणि मासा पाण्यावर उलटा तरंगतो. सुईनं भोसकू नका. जड शिशाला बिनकाट्याचा गळ उलटा बांधा, खालच्या ओठात अडकवा आणि मासा तळापर्यंत उतरवा. झटका दिला की सुटतो. खोल पाण्यात हेही दरवेळी जमत नाही, तेव्हा दोन चांगले मासे मिळाले की जिग (तळाशी सोडायचं जड खोटं आमिष) बंद करा आणि वरच्या पाण्यात सुरमईसाठी लूर, म्हणजे खोटा मासा, ओढा. तांडेलाला हे निघायच्या आधी सांगा. नाहीतर गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून तो तुम्हाला आणखी एका खडकावर नेणार.

जून-जुलैचंही विचारलंय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्यामुळं होडीचा विषय संपला. काठावरून गळ टाकायला कुणी अडवणार नाही, पण चोणक त्याच दिवसांत खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला येतो, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही. आपल्याकडची गोड्या पाण्यातली मरळही पावसातच पिल्लं सांभाळत असते. किलोचीच हौस भागवायची असेल तर ठेकेदाराला विचारून एखाद्या तळ्यावर चिलापी (तिलापिया) काढा. ती बाहेरून आलेली आहे, बाकीच्या माशांना जगू देत नाही. तिचे चाळीस किलो आणलेत तर वाहवा करणाऱ्यांत मी पहिला.