लेथल कंपनीत नकाशा दर वेळी बदलतो, मग बाहेर पडायची वाट लक्षात कशी ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघं मित्र लेथल कंपनी खेळता (हा संगणकावरचा गेम: जहाजानं चंद्रांवर उतरायचं, तिथल्या इमारतींत शिरून भुतांना चुकवत सामान जहाजावर आणायचं), आत शिरून चार दारं ओलांडली की कुठून आलो तेच कळत नाही, आणि भुतानं मारण्याआधी वाट न सापडल्यामुळेच जहाज सुटतं. नकाशा रोज नवा, मग लक्षात काय ठेवायचं?

मी ग्वाल्हेरची, वय ४४, दिवसभर हिशेबाचं काम. रात्री पुण्याचा भाचा, त्याचा एक मित्र आणि इंदूरला असलेला माझा धाकटा भाऊ असे आम्ही चौघं खेळतो. मला तिघंही मावशीच म्हणतात, सख्खा भाऊसुद्धा. पहिला महिनाभर आमचीही तुमच्यासारखीच गत होती. आता मरतो, पण हरवून मरत नाही.

नकाशा पाठ करायचं डोक्यातून काढून टाका. पाठ करायची ती फक्त परतीची वाट, तीही तेवढ्या एका दिवसापुरती.

आधी हा नकाशा बनतो कसा ते बघा, म्हणजे निम्मी भीती जाईल. गोधडी शिवताना कापडाचे तुकडे ठरलेले असतात, फक्त कोणता कोणाशेजारी बसेल ते दर वेळी वेगळं. इथंही तसंच. खोल्या, जिने, बोळ हे तुकडे बनवणाऱ्यानं हातानं घडवून ठेवलेले आहेत. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे डनजेन नावाचं एक तयार साधन वापरतात, ते हे तुकडे दाराला दार जुळवून जोडत जातं. आधी एक मुख्य वाट तयार होते, मग तिला फाटे फुटतात, आणि ज्या दाराला जोडी मिळाली नाही ते बुजवून टाकलं जातं. म्हणून इतके बोळ पुढे जाऊन भिंतीला धडकतात. तुमचं काही चुकलेलं नसतं, तिथं पुढे काही नसतंच.

आणि हे सगळं एका आकड्यावरून होतं. जहाज उतरलं की ज्यानं खेळ सुरू करून बाकीच्यांना आत घेतलं त्याच्या संगणकाकडून बाकीच्यांना एक संख्या जाते, तिला सीड म्हणतात. त्या संख्येवरून प्रत्येकाचा संगणक आपापल्या घरी तीच इमारत बांधतो. म्हणून ग्वाल्हेरच्या माझ्या पडद्यावरचा जिना आणि पुण्यातल्या भाच्याच्या पडद्यावरचा जिना एकाच जागी असतो. कल्पना काही आजची नाही. १९८० साली रोग नावाचा गेम असाच दर वेळी नवं तळघर मांडायचा, तेही नुसत्या अक्षरांनी आणि चिन्हांनी. भुताऐवजी पडद्यावर इंग्रजी अक्षर अंगावर यायचं.

दहा-बारा वेळा खेळलात की तुकडे ओळखीचे होतात. कारखान्यातली खड्ड्यावरून उडी मारायची खोली, फुटलेल्या पाइपमधून वाफ सुटणारा बोळ (व्हॉल्व्ह शोधून फिरवला की वाफ बंद होते), हवेलीतला मोठा दिवाणखाना, खाणीत शिरल्या शिरल्या खाली नेणारी लिफ्ट. आमच्याकडे या तुकड्यांना नावं आहेत. पाइपांच्या एका खोलीला आम्ही न्हाणीघर म्हणतो. "न्हाणीघर, मग डावीकडे जिना, मग खड्डा" एवढं तोंडानं म्हणत पुढे जायचं. येताना तेच उलट्या क्रमानं. वाचायला बावळटपणा वाटेल, पण मोठ्यानं म्हटलेलं लक्षात राहतं आणि मागून येणाऱ्यालाही ऐकू जातं.

आता भिंतीचा नियम. शिरताना डावा हात भिंतीला लावला आहे असं समजा आणि ती भिंत सोडू नका. ती जाईल तशी वळणं घ्यायची. हा नियम मला गेमनं शिकवला नाही, वडिलांनी शिकवला, आमच्या किल्ल्यावरच्या मानमंदिरात. राजा मानसिंह तोमरच्या या महालाला जमिनीखाली दोन मजले आहेत, गोल दालनं, अरुंद जिने, आणि एक दालन दुसऱ्यासारखंच. मोगलांनी किल्ल्याचा तुरुंग केला होता. औरंगजेबाचा भाऊ मुराद १६६१ साली याच किल्ल्यावर मारला गेला, आणि गाइड ते तळघरातच ऐकवतात, शक्यतो टॉर्च विझवून. मी सात-आठ वर्षांची असेन, रडायला लागले. बाबा म्हणाले, "भिंतीचा हात सोडू नकोस, जिथून आलीस तिथंच पोचशील." पोचले.

पण या नियमात एक मेख आहे, आणि आमचा भाचा तिच्यावरच आपटला. टायटनवर गेलो होतो. हा चंद्र महाग, जायलाच ७०० क्रेडिट (गेममधले पैसे) लागतात, आणि आतली इमारत अवाढव्य. भाचा डावी भिंत धरून आत गेला, लोखंडी जड सामान मिळालं, खूश होऊन मागे फिरला. मी जहाजावर पडद्यासमोर बसलेले. बघते तर त्याचा ठिपका दाराकडे यायच्या ऐवजी भलतीकडेच चाललाय.

"अरे, कुठं चाललास?"

उत्तर नाही. दोन हातांनी उचलायचं सामान घेतलं की वॉकीटॉकी हातात धरता येत नाही, खिशातून नुसती ऐकू येते. शेवटी त्यानं सामान खाली टाकलं नि वॉकी काढली. "मावशी, डावीच भिंत धरलीय! शपथ!"

"बाळा, तू तोंड फिरवलंस ना? मग ती भिंत आता उजवीकडे आली."

दोन सेकंद शांतता. मग त्याच्या मित्राचं हसणं.

म्हणजे जाताना डावी धरली असेल, तर येताना उजवी धरायची. तरच पावलावर पाऊल ठेवून परत येता. मागे फिरूनही डावीच धरली तर तुम्ही समोरची भिंत पकडता, आणि ती तुम्हाला न पाहिलेल्या खोल्यांतून हिंडवत नेते. तीही कधी कधी दाराशी आणते म्हणा, पण तोवर मध्यरात्र होते, आणि रात्री बाराला जहाज कुणाची वाट पाहत नाही.

आणखी एक गोष्ट. भिंतीचा नियम फक्त परतायला भरवशाचा आहे, सामान शोधायला नाही. मध्ये कुठं चौकासारखी गोल फिरणारी वाट असेल, तर चौकाच्या आतल्या बाजूची दारं तुमच्या हाताला कधी लागतच नाहीत. आणि घाबरून पळताना एकदा भिंत सुटली की नियम संपला, पुन्हा कुठलीही भिंत धरून चालत नाही.

तेव्हा खुणा उपयोगी पडतात. सुरुवातीला आम्ही बाटल्या टाकत जायचो, धान्याचे दाणे टाकत गेल्यासारख्या. एकदा परत येताना एकही बाटली नाही. होर्डिंग बग नावाचा किडा असतो, मोकळं पडलेलं सामान उचलून आपल्या घरट्यात नेऊन रचतो. आमचा अख्खा माग त्यानं घरी नेला होता! त्यामुळे सामानाची खूण करू नका. ५० क्रेडिटला स्प्रे पेंट मिळतो, तो घ्या. एकोणिसाव्या शतकात त्रेमो नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअरनं भूलभुलैयासाठी रीत सांगितली होती, ती इथं जशीच्या तशी चालते: बोळात शिरताना एक रेघ, त्याच बोळातून परत आलात की दुसरी. दोन रेघा असलेल्या बोळात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, आणि फाट्यावर आलात तर आधी कोरा बोळ घ्यायचा. आम्ही रेघेऐवजी बाण काढतो, टोक नेहमी बाहेरच्या दाराकडे. टोक कुठल्या बाजूला हे चौघांत आधीच ठरवा. आमच्याकडे एक दिवस दोघांनी दोन दिशांना काढले होते, त्यावर जास्त लिहीत नाही. दारं उघडी ठेवणं ही खूण म्हणून फारशी चांगली नाही, कारण दारं भुतंही उघडतात.

तुम्ही चौघंही आत जात असाल तर ते आजच बंद करा. एक जण जहाजावर हवाच. आमच्यात तो मान माझा, कारण माझे हात हळू चालतात आणि आवाज मोठा आहे. पडद्यावर आतल्या माणसाच्या आसपासचा भाग वरून दिसतो, सामान त्रिकोणात, भुतं लाल ठिपक्यांत. मोठ्या लोखंडी दारांवर आणि आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांवर एक अक्षर आणि एक अंक असा कोड असतो. तो टर्मिनलवर, म्हणजे जहाजातल्या संगणकावर, टाइप केला की दार उघडतं किंवा मिटतं, बंदूक थोडा वेळ गप्प होते. तिघं तीन दिशांना असतील तर एकामागून एक बघत राहायचं. आत घड्याळ दिसत नाही, तेव्हा मधूनमधून बाहेर डोकावून वेळ सांगणं हेही याच माणसाचं काम. वॉकीटॉकी १२ क्रेडिटला मिळते, पहिली खरेदी तीच करा.

पण जहाजावरच्या माणसानं "डावीकडे वळ, उजवीकडे वळ" असं म्हणू नये. तुम्ही तोंड कुठंही करा, पडद्यावरचा नकाशा तुमच्याबरोबर फिरत नाही. माझी डावी म्हणजे भाच्याची डावी नव्हे. मी असं सांगते: "दोन पावलं पुढे टाक." ठिपका कुठं सरकला ते बघायचं. मग "असाच चाल" किंवा "उलटा फिर, आलास त्याच दारातून जा." यानंतर आमची भांडणं निम्म्यानं कमी झाली. उरलेली सामानावरून होतात.

आता मागचं दार. लष्करात (ग्वाल्हेरचा भाग, फौज नव्हे) आमचा जुना वाडा होता, त्याला पुढचा दरवाजा रस्त्यावर आणि मागची दिंडी गल्लीत. पाहुणे पुढून आले की आम्ही पोरं मागून पसार. इथंही तसंच, मुख्य दाराशिवाय फायर एक्झिट असते, मार्च या चंद्रावर तर तीन आहेत. बाहेरची तिची जागा प्रत्येक चंद्रावर ठरलेली असते, ती एकदा पाहिलीत की कायमची. आत मात्र ती कुठं निघेल ते त्या दिवशीच्या गोधडीवर. उतरल्यावर एकानं तिथून शिरायचं आणि आतून ती कुठल्या तुकड्याला लागते ते वॉकीवर सांगायचं. आत लांब गेलेल्याला मुख्य दारापेक्षा तीच जवळ पडण्याचा संभव असतो.

भुतांवर लिहीत बसले तर रात्र सरेल, म्हणून वाटेशी संबंध आहे तेवढंच. कॉइलहेड तुम्ही बघत असता तोवर जागचा हलत नाही, तेव्हा त्याच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालावं लागतं, आणि अशा वेळी खोल्यांची नावं पाठ असण्याचा फायदा कळतो. ब्रॅकनकडे एक नजर टाकून वळायचं, टक लावली तर चिडतो. थंपर सरळ बोळात बाणासारखा येतो पण वळणावर गडबडतो, म्हणून कोपऱ्यांची वाट धरा. जेस्टरनं पेटीची कळ फिरवायला घेतली की सामान विसरा आणि निघा. सगळे बाहेर पडले की तो पुन्हा पेटीत जातो.

आवाजाचंही भान ठेवा. गेममध्ये माणूस लांब गेला की त्याचा आवाज बारीक होतो, त्यामुळे हरवलेल्यानं उगाच पळण्यापेक्षा एका जागी उभं राहून बोलत राहावं, शोधणारा कानानं येतो. हे इमारतीच्या आत. बाहेर बिनडोळ्यांचे कुत्रे असतात, ते तुमच्या माइकचा आवाज खरोखर ऐकतात. जानेवारीत मी जहाजावर बसून मुरैन्याची गजक (तीळ-गुळाची कुरकुरीत मिठाई) खात होते, माइक चालू. कडाकड आवाज झाला, कुत्रा थेट जहाजात. मी गेले, पडदा बघायला कुणी उरलं नाही, आतले तिघं आतच राहिले. सगळे मेले की जहाजातलं साठवलेलं सामानही जातं. १३० चा पहिला कोटासुद्धा (ठरलेल्या मुदतीत जमवायची सामानाची किंमत) त्या दिवशी पुरा झाला नाही. भाऊ अजून गजकचं पुडकं दाखवून चिडवतो.

आज रात्री खेळणार असाल तर एक्सपेरिमेंटेशनवर जा, तिथं जायला पैसे पडत नाहीत. पहिल्या दिवशी सामानाला हात लावू नका. दोघं आत, दोघं जहाजावर. डावी भिंत धरून पाच खोल्या जा, नावं ठेवा, मागे फिरा, उजवी भिंत धरून बाहेर या. मग दोघांची अदलाबदल करा. कोटा बुडेल, बुडू दे.