छंदघर : चकमकीच्या रायफलीचं किट घेताना

प्रश्न : मी ओहायोत राहतो, आता निवृत्त आहे. गराजमध्ये कपाटं, टेबलं, नातीचा पाळणा असं बरंच सुतारकाम केलं आहे. आता पेनसिल्व्हेनियाची जुन्या घाटाची लाँगरायफल, गारगोटीच्या लॉकची (म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या यंत्रणेची), स्वतः जुळवायची आहे. एक किट पाच-सहाशे डॉलरला दिसतं, दुसरं त्याच्या दुपटीहून महाग, आणि तिसरीकडे सगळे भाग सुटे मिळतात. तिघेही त्याला किटच म्हणतात. कोणतं घेऊ? मी डावखुरा आहे आणि उंचीने बेताचा.

उत्तर : किंमत थोडा वेळ बाजूला ठेवा. विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा, की बिघडली तर दुरुस्त होत नाहीत अशी कामं त्याने किती करून दिली आहेत. टेबलाचा पाय बिघडला तर तुम्ही दुसरा कापाल. लाँगरायफलीचा दस्ता, म्हणजे तिचा लाकडी भाग, खांद्याला टेकणाऱ्या कुंद्यापासून नळीच्या तोंडापर्यंत एकाच लाकडाचा असतो, आणि चांगल्या लहरींचं मेपल पुन्हा विकत घेताना हात आखडतो.

उदाहरणार्थ गजाचं, म्हणजे तोंडाकडून गोळी ठासायच्या काठीचं, भोक. नळीखाली पुढच्या भागात गजासाठी उघडी खाच असते, पण मागच्या निमुळत्या पितळी नळकांड्यापासून लॉकपर्यंत तो गज लाकडाच्या पोटातून जातो. हे भोक बहुधा 3/8 इंचाचं, आणि ते पाडायला लांबलचक ड्रिल लागतो. लांब ड्रिल लाकडाच्या रेषांमागे भरकटतो. वर सरकला तर थेट नळीच्या खाचेत घुसतो. खाली सरकला तर दस्त्याचं पोट सुटतं, आणि लाँगरायफलीची सगळी शान त्या सडपातळ पोटात असते. नळी आणि भोक यांच्यामध्ये जेमतेम 1/8 इंच लाकूड राहतं आणि लॉकचा पुढचा बोल्ट त्यातूनच आडवा न्यायचा असतो. जागा चुकली की बोल्ट गजाला अडतो. पहिल्या रायफलीला हे भोक तयारच घ्या, आणि ते नळीशी समांतर आहे का, हे पेटी उघडल्याबरोबर तपासा.

नळीच्या मागच्या टोकाला आट्यांचा बूच असतो. दारू पेटते तेव्हा तुमचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो, म्हणून हा बूच बनवणाऱ्यानेच बसवलेला हवा. ‘आटे पाडलेत, बूच तुम्ही बसवा’ असं कोणी सांगितलं तर पुढे बोलूच नका. काना, म्हणजे रंजकाची (वाटीत घालायच्या बारीक दारूची) ठिणगी आत जाते ते भोक, बुचाच्या तोंडाच्या किंचित पुढे आणि रंजकाच्या वाटीच्या बरोबर समोर यायला हवा. लॉकचा कोनाडा इकडे-तिकडे झाला की काना चुकतो, वाटीत भपकारा होतो आणि आतली दारू तशीच पडून राहते.

आता तुमची तीन किटं.

स्वस्त किट बहुतेक वेळा युरोपातून आलेलं असतं. त्यातली नळी साधारण 33 इंचांची, जुन्या रायफलींची 42 ते 46. काही किटांत दस्ता दोन तुकड्यांचा असून जोडावर पितळेची पट्टी मारलेली असते. गोळी त्यातूनही सरळच जाते, त्याबद्दल तक्रार नाही. माझं न पटणं लॉकबद्दल आहे. गारगोटी जिच्यावर आपटते त्या फ्रिझनचं पोलाद नीट कडक केलेलं नसेल तर ठिणग्या मलूल पडतात, आणि मग माणूस वर्षभर गारगोट्या बदलत बसतो. एकूण खर्चात काटछाट करायची असेल तर नक्षीत करा, पितळेत करा, लाकडाच्या लहरींत करा. लॉक आणि नळीत नको.

महागाच्या किटांत दोन घराणी ओळखायला हवीत. जिम किबलर तुमच्याच ओहायोतले. त्यांच्याकडे दस्ता सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर इतका नेमका कोरलेला येतो, की नळी आणि लॉक जवळजवळ हाताने दाबून बसतात. तुमच्या वाट्याला घासणं, पितळेचं ओतकाम कानशीने साफ करणं, नळी तपकिरी करणं आणि लाकडाला रंग-तेल देणं उरतं. जिम चेंबर्स यांच्या किटात सायलर पद्धतीचं नावाजलेलं लॉक मिळतं आणि दस्ता पुष्कळसा कोरलेला असतो. पण धातूच्या भागाला काजळी लावून तो लाकडात बसवून बघायचं, काळं लागेल तेवढंच पटाशीने काढायचं, पुन्हा बघायचं, हे काम तिथे भरपूर आहे. तुमची पटाशी चालते, तेव्हा चेंबर्सच्या किटात तुम्हाला जास्त रमायला होईल. तरी पहिल्या रायफलीसाठी मी किबलरचंच नाव घेईन, कारण घाट कसा असायला हवा हे हातांना आधी कळतं. मिनेसोटातल्या ट्रॅक ऑफ द वुल्फसारख्या ठिकाणची सुट्या भागांची यादी म्हणजे खरं तर बंदूककाराची खरेदी. ती दुसऱ्या रायफलीसाठी राखून ठेवा.

डावखुरेपण मात्र हा सगळा क्रम उलटवू शकतं. नेहमीच्या लॉकची वाटी उजवीकडे असते. डाव्या खांद्यावरून नेम धरलात तर भपकारा तुमच्या डोळ्यांसमोर होतो. तसे वापरणारेही आहेत, पण बनवतोच आहोत तर डावं लॉक का नको? ज्याच्याकडे डावं लॉक आणि त्याच मापाचा डावा दस्ता दोन्ही तयार आहेत, त्याचंच किट घ्या, मग नाव कोणतंही असो. लॉक डावं असो वा उजवं, चष्मा सक्तीचा, आणि कान्याच्या बाजूला उभ्या असलेल्या मित्रालासुद्धा.

उंचीबद्दल : चापापासून कुंद्याच्या टोकापर्यंतचं अंतर किटात बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या आतल्या घडीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत मोजा. तेरा आलं तर कुंद्याची पितळी पट्टी बसवण्याआधीच विक्रेत्याशी बोला.

घाट निवडताना एक सल्ला. 1790 नंतरच्या, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या रायफली दिसायला देखण्या, पण कुंदा अरुंद आणि आत वळलेला. .54 कॅलिबरची (नळीचं भोक .54 इंच) गोळी साधारण 225 ग्रेन वजनाची असते, तिचा धक्का त्या टोकावर बोचतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीच्या घाटाचा कुंदा रुंद आणि सपाट असतो, खांद्याला सुखाचा. फक्त कागदावर नेम धरणार असाल तर .45 घ्या आणि हवा तेवढा नाजूक घाट निवडा.

जमलं तर पैसे भरण्याआधी पेनसिल्व्हेनियात नाझारेथजवळच्या जेकब्सबर्ग इथलं लाँगरायफल संग्रहालय पाहून या. कुंद्याचा उतार फोटोत कधीच कळत नाही.

प्रश्न : यजमानांच्या साठीला असंच किट भेट द्यायचं आहे. आम्ही पेनसिल्व्हेनियात असतो आणि त्यांना हिवाळ्यात हरणांच्या शिकारीला जायचं आहे. हे किट घरपोच मागवायला परवाना लागतो का?

उत्तर : ताई, 1968 च्या केंद्रीय कायद्यात तोंडाकडून ठासायच्या, काळ्या दारूच्या अशा बंदुकांच्या प्रतिकृती ‘अँटिक’ या वर्गात धरल्या आहेत, त्यामुळे बहुतेक राज्यांत किट साध्या पार्सलने दारात येतं. राज्यांचे नियम मात्र वेगळे असतात. शेजारच्या न्यू जर्सीत हिशेब कडक आहे. लेक तिकडे राहते म्हणून पार्सल तिच्या पत्त्यावर मागवून यजमानांना चकित करण्याचा बेत असेल तर तो सोडा.

पेनसिल्व्हेनियात चकमकीच्या बंदुकीचा खास हंगाम 1974 पासून आहे, नाताळनंतर सुरू होतो. त्यासाठी .50 किंवा .54 घ्या, म्हणजे लहान कॅलिबरच्या मर्यादेची भानगड उरत नाही. त्या वर्षीचे नियम राज्याच्या गेम कमिशनकडून वाचून घ्या, ते बदलतात. आणि भेट घाईची असू नये. वाढदिवसाला पेटी द्या, यंदाच्या हंगामाचं वचन मागू नका.

प्रश्न : किटासोबत दारूही मागवावी का? मित्राकडे नव्या काडतुसांची धूररहित दारू उरली आहे, ती चालेल?

उत्तर : नाही. थोडीसुद्धा नाही, मिसळूनही नाही. या नळ्या फक्त काळ्या दारूच्या दाबासाठी बनतात, धूररहित दारूने नळी फुटते आणि हात जातो. काळ्या दारूऐवजी वापरायच्या पर्यायी भुकट्या गारगोटीच्या ठिणगीने नीट पेटत नाहीत, तेव्हा तो विचारही नको. खरी काळी दारू घरपोच मागवली तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं, म्हणून क्लबातली मंडळी मिळून एकदम मागवतात. तुम्ही आधी क्लब गाठा. तिथे कोणाची तरी रायफल खांद्याला लावून बघायलाही मिळेल.