पोर्टो रिकोचा लाँग वीकेंड ठरवताय? मग हे बघा

एच-वनवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असाल तर पहिली ट्रिप पोर्टो रिकोचीच करा, अमेरिकेचाच भाग आहे त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही, तरी पासपोर्ट नि व्हिसा-स्टेटसचे कागद प्रत्येकाने जवळ ठेवायचेच. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा सीझन, म्हणून फेब्रुवारी-मार्च बरा.

चार दिवसांत सगळं पालथं घालायला जाऊ नका. दोन रात्री राजधानी सॅन हुआन आणि मग जवळच्या छोट्या बेटांपैकी एकतर कुलेब्रा नाहीतर व्हिएकेस, दोन्ही नकोच. कुलेब्राला फ्लॅमेंको बीच आहे, पाणी इतकं नितळ की उठावंसं वाटत नाही. तिथे जाणारी फेरी सेइबा गावाहून सुटते, सॅन हुआनहून नाही, तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, आणि भाड्याची कार फेरीवर नेऊ देत नाहीत, ती सेइबालाच पार्क करून तिकडे गोल्फ कार्ट घ्यायची. व्हिएकेस निवडलंत तर तारखा अमावास्येच्या आसपास धरा, मॉस्किटो बेमध्ये रात्री वल्हं मारलं की पाणी निळं चमकतं, पौर्णिमेला ते नीट दिसतच नाही. पोहायला बंदी आहे, कयाकमधूनच बघायचं.

ग्रुपात कोणी शाकाहारी असेल तर तिथल्या भात-राजम्यातही हॅम असू शकतं, विचारूनच मागवा.