संसदेत दोन-तृतीयांश बहुमत असेल तर सरकार घटनेत काहीही बदलू शकतं का?

नाही. कलम ३६८ नुसार घटनादुरुस्ती करता येते, पण घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही. हे ठरलं २४ एप्रिल १९७३ ला, केशवानंद भारती खटल्यात. केरळमधल्या एका मठाचे स्वामी मठाच्या जमिनीसाठी सुप्रीम कोर्टात गेले होते, आणि प्रकरण १३ न्यायमूर्तींसमोर ६८ दिवस चाललं! निकाल ७ विरुद्ध ६. म्हणजे एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज उत्तर वेगळं असतं.

मूळ चौकटीत काय काय येतं याची पक्की यादी कुठेच नाही. कायद्याचं राज्य, न्यायालयीन पुनर्विलोकन (कायदा घटनेत बसतो का हे कोर्टाने तपासणं), धर्मनिरपेक्षता, मुक्त निवडणुका हे वेगवेगळ्या निकालांतून ठरत गेलं. यादी नाही याबद्दल टीका होते, मला मात्र ते बरंच वाटतं. यादी असती तर पळवाटही लगेच सापडली असती.

गंमत म्हणजे पुण्याचे न्या. य. वि. चंद्रचूड १९७३ ला मूळ चौकटीची मर्यादा न मानणाऱ्या त्या सहांत होते. आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीने संसदेला घटना बदलण्याचे अमर्याद अधिकार दिले, ते १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात रद्द झाले. तो बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश चंद्रचूडांनीच.